चुकीचा भुर्दंड कोणी भरायचा?

मे महिना लागला की दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर शिकारीचा हंगाम सुरू होतो. थंडी कोरडी असते, रात्री पाणी गोठते, माश्या नसतात. मांस टांगून सुकवायला याहून चांगली हवा शोधून सापडणार नाही. शहरातली माणसे बंदुका घेऊन फार्मवर येतात, मालकाला पैसे मोजतात, दोन-चार स्प्रिंगबॉक मारतात आणि मीठ, धणे, व्हिनेगर लावून त्या मांसाच्या पट्ट्या वाळवतात. हेच तिथले बिल्टाँग. हंगामाच्या तोंडावर बंदुकीच्या दुकानांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: लहान हरणाला लहान गोळी कोणती बरी? विचारणारा बहुधा चांगला माणूस असतो. हरणाचे हाल होऊ नयेत, अशी त्याची मनापासून इच्छा असते.

उत्तरे मात्र सगळी इंचाच्या भागांत येतात. कोणी .२२३ म्हणतो, कोणी .२२२, कोणी .२४३. मला या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे दिसते. नेम चुकला, तर त्या चुकीचा भुर्दंड शिकाऱ्याने भरायचा की हरणाने, हे आधी ठरवले पाहिजे. ते ठरले की गोळीची निवड फार अवघड राहत नाही. ते ठरवायचे टाळले, तर दुकानातली सगळी चर्चा म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ होतो.

मराठी वाचकाने यात का पडावे? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. काळवीट आणि चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी गोळी निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि उद्भवू नये. पण पिकांत घुसणाऱ्या रानडुकराचा आणि रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, प्रश्न आपल्या शिवारात रोज आहे आणि त्यांना मारण्याची परवानगी कायदा काही अटींवर देतो. मारायचेच ठरले तर कसे मारायचे, याचा विचार ज्या देशांत शंभर वर्षे सुरू आहे तिथला अनुभव आपल्या उपयोगाचा आहे.

आधी प्राणी पाहू. स्प्रिंगबॉक अंगाने आपल्या काळविटाएवढे, तीस ते चाळीस किलोंचे. झुडपांतून वाकून पळणारे ग्रे डायकर पंधरा-वीस किलोंचे. स्टीनबॉक अकरा-बारा किलोंचे, म्हणजे मोठ्या बोकडाच्या निम्म्याहूनही कमी. नामिबियातले डिक-डिक तर जेमतेम पाच किलो भरते. प्राणी एवढासा, तर गोळीही एवढीशी पुरे, हा विचार मनात आपसूक येतो. त्यात तथ्य आहे, पण 'लहान गोळी' म्हणजे नेमके काय, याचा घोळ इथूनच सुरू होतो.

एनसीसीत असताना ज्यांनी पॉइंट टू-टू चालवली आहे त्यांना तिचा हलका आवाज आणि खांद्याला जेमतेम जाणवणारा धक्का आठवत असेल. ती गोळी सुमारे अडीच ग्रॅमची. सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेग आणि नळीच्या तोंडाशी दीडशे ज्यूलच्या जवळपास ऊर्जा. त्याच जाडीची गोळी .२२ हॉर्नेटच्या काडतुसातून सुटली की ऊर्जा हजार ज्यूलच्या जवळ जाते. .२२२ रेमिंग्टनमध्ये ती दीड हजारापर्यंत पोचते. .२२३ रेमिंग्टनची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ हजार मीटर वेगाने निघते आणि सतराशे ज्यूल घेऊन जाते; .२२-२५० तर दोन हजारांच्या पुढे. नळीचे भोक सगळ्यांचे सारखेच, सुमारे साडेपाच मिलिमीटर. पहिल्या आणि शेवटच्या काडतुसाच्या ऊर्जेत मात्र दहापटींहून जास्त फरक. त्यामुळे 'लहान कॅलिबर' एवढेच सांगणाऱ्याने फारसे काही सांगितलेले नसते. एनसीसीची गोळी डायकरवर झाडणे सरळसरळ क्रूरपणा आहे. .२२३चा विचार करता येतो. त्यापुढचा प्रश्न विचार कसा करायचा, हा.

गोळी प्राण्याला मारते ती दोन रीतींनी. मेंदूला किंवा मानेतल्या मज्जारज्जूला लागली तर प्राणी जागीच कोसळतो. हृदय, फुफ्फुसे किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या तर रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि शुद्ध हरपते. याला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात हरीण पन्नास-शंभर मीटर धावते. हृदय फुटलेले हरीणही धावते. नवशिक्याला वाटते नेम हुकला. या दोन्ही रीतींबाहेर जी गोळी लागते, म्हणजे पोटात, जबड्यात, पायात, ती मारत नाही, किंवा फार उशिरा मारते. पोटात लागलेले हरीण काही तास जगते. जबडा तुटलेले हरीण पळून जाते आणि चरता न आल्यामुळे उपाशी मरते. त्याला दिवस लागतात. शिकारीतला नैतिक प्रश्न या तिसऱ्या प्रकाराभोवती फिरतो. पहिले दोन सगळेच शिकारी करू इच्छितात. तिसरा कोणालाच नको असतो, तरी घडतो.

याबाबत युद्धाचे नियम आणि शिकारीचे नियम एकमेकांच्या नेमके उलट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांना वायव्य सरहद्दीवर असे आढळले की पूर्ण धातूच्या कवचाची नवी गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो चालून येतच राहतो. म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात टोकाशी कवच उघडे ठेवलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. तिच्यावर युरोपात गदारोळ उठला आणि १८९९च्या हेग परिषदेने माणसाच्या शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. तर्क असा होता की शत्रू लढण्यातून बाद झाला की पुरे. त्याला उगाच फाडायचे कारण नाही. जखमी सैनिकाला उचलून न्यायला स्ट्रेचर असते, डॉक्टर असतो. जखमी हरणाला यातले काही नाही. त्याच्या बाबतीत जखम हाच अन्याय आणि तत्काळ मृत्यू हीच दया. म्हणूनच जी गोळी युद्धात निषिद्ध ठरली, तीच अनेक देशांच्या शिकार-कायद्यांत सक्तीची आहे: गोळी फुललीच पाहिजे. लष्करी साठ्यातली स्वस्त .२२३ काडतुसे घेऊन हरणामागे जाणारा माणूस हा फरक विसरतो. कवचबंद गोळी दाभणासारखी आरपार जाते. कधी ती अंगात आडवी होऊन मोडते, कधी होत नाही. आणि काय होईल ते आधी सांगता येत नाही. जे सांगता येत नाही त्यावर दुसऱ्याच्या मरणाचा भरवसा ठेवू नये.

आता फुलणाऱ्या गोळ्यांकडे जवळून पाहू, कारण खरी निवड इथे आहे. एकाच दुकानात, एकाच .२२३च्या रकान्यात तीन वेगवेगळ्या जातींच्या गोळ्या मिळतात. पहिली अमेरिकेतल्या माळरानांवर बिळांतल्या प्रेअरी डॉगसारख्या प्राण्यांसाठी बनवलेली. तिचे तांब्याचे कवच कागदासारखे पातळ असते आणि टोकाला प्लास्टिकची रंगीत चोच असते. एखाद-दीड किलोच्या प्राण्यावर आदळताच तिच्या ठिकऱ्या उडाव्यात, हाच तिचा उद्देश. दुसरी साधी सॉफ्ट पॉइंट: कवच जाडसर, टोकाशी शिशाचा करडा ठिपका उघडा. ती अंगात शिरून मग फुलते आणि बऱ्यापैकी आत जाते. तिसरी खास बांधणीची: कवच आणि शिसे एकमेकांना जखडलेले, किंवा मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली, किंवा सगळीच तांब्याची. आडव्या भिंतीची युक्ती अमेरिकेतल्या जॉन नॉस्लरने १९४०च्या दशकात काढली. मूस या महाकाय हरणावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या आणि प्राणी मरेना, तेव्हा.

पहिल्या जातीची गोळी स्टीनबॉकच्या बरगड्यांतून नेमकी फुफ्फुसात गेली तर एवढेसे हरीण बऱ्याचदा जागीच पडते, आणि शिकारी मित्रांना सांगत सुटतो की याहून चांगली गोळी नाही. तीच गोळी दोन बोटे पुढे, खांद्याच्या हाडावर लागली तर तिथेच फुटते. बाहेरून मोठी, भयानक जखम दिसते; आत फुफ्फुसाला ओरखडाही नसतो. त्या शिकाऱ्याने मित्रांना खोटे सांगितलेले नाही. त्याने फक्त आपल्या उत्तम नेमाचा अनुभव सांगितला आहे. गोळीच्या खोक्यावरचे दावेही असेच उत्तम नेमाचे असतात. गोळीची खरी परीक्षा दोन बोटे चुकलेल्या नेमावर होते. तेव्हाही जी हाड फोडून छातीच्या पोकळीत पोचते, ती गोळी योग्य. लहान कॅलिबरमध्ये अशा गोळ्या मिळतात. त्या महाग असतात आणि दुकानदाराच्या मागच्या फळीवर असतात, एवढेच.

लहान कॅलिबरची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. मोठ्या बंदुकीच्या धक्क्याला माणूस घाबरतो. चाप ओढण्याच्या आधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो, आणि नेम गेला. .२२३ने तोच माणूस शांतपणे मारतो आणि गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतः पाहतो. गरज पडली तर दुसरी गोळी लगेच झाडू शकतो. शिवाय मोठी गोळी आपोआप दयाळू नसते. कुडूसारख्या दोनशे किलोंच्या प्राण्यासाठी बनवलेली कठीण गोळी डायकरच्या पातळ छातीतून फुलण्याआधीच पार निघून जाऊ शकते. तेव्हा 'मोठी घ्या, पाप टळेल' हा सल्लाही आळशीपणाचा. लहान कॅलिबरने चांगला नेम साधतो हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्या साधलेल्या नेमाचे पुढे काय केले जाते याला आहे.

कारण तो नेम बहुतेकदा डोक्यावर धरला जातो. फार्मच्या सोलण्याच्या खोलीत गेलात तर याचे कारण भिंतीवर टांगलेले दिसेल. आकड्यावर उलटे लटकलेले दोन स्प्रिंगबॉक. एकाच्या डोक्यात गोळी: धड निष्कलंक, मानेपासून मांडीपर्यंत मांस गुलाबी. दुसऱ्याच्या खांद्यात: फऱ्याभोवती रक्त साकळून जेलीसारखे झालेले, कातडी सोलताना हाताला चिकटणारे. खाटीक तो भाग सुरीने कापून बादलीत टाकतो. दोन-तीन किलो गेले. अनेक ठिकाणी मालक शिकाऱ्याकडून डोक्याचा किंवा मानेचा नेम मागतात आणि अंगावर गोळी लागली तर जास्त पैसे घेतात. निर्यातीच्या मांसात तर अंगावरची गोळी चालतच नाही. वेगवान, पातळ कवचाची लहान गोळी खांद्यावर सगळ्यात जास्त नासाडी करते. मग शिकारी तिला डोक्याकडे वळवतो. या साखळीत प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागतो आहे. फक्त हरणाचा मेंदू लिंबाएवढा आहे, ते डोके सतत हलवते आहे, आणि चार बोटे खाली जबडा आहे.

भुर्दंडाचा प्रश्न इथे उघडा पडतो. छातीवर नेम धरला आणि थोडा चुकला, तर बहुधा फरा वाया जातो. ती चूक शिकाऱ्याच्या खिशातून वसूल होते. डोक्यावर नेम धरला आणि तेवढाच चुकला, तर जबडा तुटतो. ती चूक हरीण भरते, दिवसेंदिवस. चूक तेवढीच, फक्त खाते बदलले. डोक्याच्या नेमाला 'सगळ्यात दयाळू' म्हणणारे बरोबर लागलेल्या गोळीबद्दल बोलत असतात. त्या गोळीबद्दल त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण नीतीचा प्रश्न उरतो तो हुकलेल्या गोळीचा.

याला एक अपवाद मी मानतो. कारूत आणि नामिबियात मांसासाठी कळप कमी करणारे धंदेवाईक नेमबाज रात्री गाडीवरून, प्रखर दिव्याच्या झोतात, बंदूक पक्क्या आधारावर टेकवून, लहान कॅलिबरने डोक्यावर मारतात. दिव्याने दिपलेले हरीण स्थिर उभे असते, अंतर कमी असते आणि हाताला रोजची सवय असते. तिथे हुकण्याचा धोका खरोखर आटोक्यात आणलेला असतो. कळपाची धावपळ कमी झाल्याने मांसही चांगले राहते. घाबरून धावलेल्या किंवा जखमी होऊन तडफडलेल्या हरणाच्या स्नायूंतला ग्लायकोजेन संपतो, मेल्यावर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, आणि ते काळपट, कडक, लवकर खराब होणारे निघते. पण हे त्या नेमबाजांचे कौशल्य आहे. वर्षातून एकदा जोहान्सबर्गहून येणाऱ्या बँक-अधिकाऱ्याने ते उसने घेऊ नये. आणि मांस वाचवण्यासाठी डोक्यावर मारून हरीण जखमी केले, तर मांसही जाते, हे त्याने ध्यानात ठेवावे.

कायद्यांनी हा प्रश्न कसा हाताळला? नामिबियात स्प्रिंगबॉक-डायकरसाठी नळीच्या तोंडाशी किमान १,३५० ज्यूल लागतात. कुडू आणि गेम्सबॉकसाठी २,७००, म्हैस आणि हत्तीसाठी ५,४००. म्हणजे .२२२ पास, .२२ हॉर्नेट नापास. जर्मनीत रो हरणासाठी, म्हणजे साधारण डायकरच्या वजनाच्या प्राण्यासाठी, हजार ज्यूल लागतात, पण ते शंभर मीटरवर मोजलेले. मला जर्मन पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण हरीण नळीच्या तोंडाशी उभे नसते. ब्रिटनमध्ये तर एकाच बेटावर दोन न्याय आहेत. स्कॉटलंडमध्ये रो हरणावर .२२३ चालते, सीमा ओलांडून इंग्लंडात आलात की तेच हरीण, तीच बंदूक, आणि तो गुन्हा. इंग्लंडात रोसाठी किमान .२४० कॅलिबर हवे. .२२ची सूट तिथे मंटजॅकसारख्या चिमुकल्या हरणांपुरती आहे. मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चीनमधून तिथे नेलेला चुलतभाऊ. सीमेच्या दोन्ही बाजूंना शहाणी, अनुभवी माणसे बसून दोन निरनिराळ्या आकड्यांवर आली, यावरून एवढे कळते की आकडा हा तडजोडीचा असतो. तो तळाची रेघ आखतो, आणि तेवढ्यासाठी हवाच. पण ज्यूलच्या आकड्याला गोळीचे कवच पातळ की जाड ते दिसत नाही, वारा दिसत नाही, चापावरचे बोट दिसत नाही.

वाऱ्याचेच घ्या. कारू उघडे माळरान आहे; आडोसा नाही, दुपारनंतर वारा सुटतोच. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .२२३ची नेहमीची साडेतीन ग्रॅमची गोळी शंभर मीटरवर साधारण चार सेंटिमीटर सरकते. दोनशे मीटरवर ती सतरा-अठरा सेंटिमीटर सरकते. अंतर दुप्पट, सरकणे चौपट. स्टीनबॉकच्या छातीतली हृदय-फुफ्फुसांची जागा तळहाताहून थोडी मोठी. शंभर मीटरवर वाऱ्याचा अंदाज पूर्ण चुकला तरी गोळी त्या जागेत राहते. दोनशे मीटरवर वाऱ्याकडे दुर्लक्ष झाले की ती पोटात जाते. त्यात हलकी गोळी दूरवर वेग गमावून बसते. वेग उतरला की नीट फुलत नाही. फुलली नाही की पलीकडून बाहेर पडतानाचे भोक बारीक राहते किंवा पडतच नाही, आणि रक्ताचा माग मिळत नाही. उघड्या माळावर हरीण पडलेले निदान दिसते. काटेरी झुडपांत शिरलेला डायकर मागाशिवाय सापडत नाही. म्हणून लहान कॅलिबर घेणाऱ्याने गोळीबरोबर अंतरही निवडलेले असते. त्याला ते कळो वा न कळो.

इथे करामोजो बेलचे नाव निघतेच. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीसारख्या, हत्तीच्या मानाने किरकोळ कॅलिबरने. लहान गोळीचा प्रत्येक वकील त्याचा दाखला देतो: नेम हवा, कॅलिबरचे काय घेऊन बसलात! पण बेलने हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते. तो हत्तीच्या अगदी जवळ जाऊन, उभ्या प्राण्यावर, कवटी भेदून जाणाऱ्या कठीण गोळ्या झाडत असे. त्याचा अभ्यास आणि त्याचे अंतर सोडून फक्त त्याचे कॅलिबर उचलणे म्हणजे वैद्याची मात्रा सोडून पुडी तेवढी पळवणे. आणि हस्तिदंतासाठी हजार हत्ती मारणारा माणूस नीतीच्या प्रश्नावर साक्षीला बोलवावा, यातच काहीतरी गडबड आहे.

भुर्दंडाचा हिशेब एका हरणावर संपतही नाही. शिशाची गोळी फुलते तेव्हा तिचे बारीक कण जखमेच्या बरेच पलीकडे मांसात विखुरतात. एक्स-रे काढला तर ते चांदण्यांसारखे दिसतात. काही कण आपल्या ताटात येतात. माळावर टाकलेल्या आतड्यांतून बाकीचे गिधाडांच्या पोटात जातात. बोट्स्वानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले आहे. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीतले शिसे पूर्ण बंद केले. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या गोळ्यांतूनही ते हटवले. मेलेल्या जनावराच्या अंगात काय मागे राहते याची किंमत गिधाडे कशी भरतात, हे भारताला वेगळे शिकवायला नको. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडे संपत आली तेव्हा ते आपण पाहिले आहे. उपाय म्हणजे तांब्याची गोळी. पण तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला हवेत सरळ राहायला जोराची गिरकी लागते. जुन्या .२२२ आणि .२२-२५० बंदुकांच्या नळीत आटे असे कातलेले असतात की गोळी चौदा इंचांत एक फेरा घेते. त्यांतून लांब तांब्याची गोळी डगमगत जाते. तिथे आखूड, हलकी तांब्याची गोळी घ्यावी आणि अंतर आणखी आवरावे, किंवा नळी बदलावी. तांब्याच्या गोळीला फुलायला वेगही लागतो. पुन्हा मुद्दा तोच: दया फुकट मिळत नाही. कुठेतरी पैसा, अंतर किंवा मांस सोडावे लागते.

यावर सरळ आक्षेप असा: एवढी कणव आहे तर मारताच कशाला? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्याला तो पटतो त्याने शिकार करू नये, आणि ज्याने पोटभर जेवून हौसेसाठी मारले त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. पण कारूत आज स्प्रिंगबॉक आहेत याचे एक कारण त्यांना किंमत आहे, हेही खरे. १९९१च्या गेम थेफ्ट कायद्याने कुंपणातल्या वन्यप्राण्यांची मालकी जमीनदाराकडे पक्की केली आणि मेंढ्यांऐवजी हरणे राखणे परवडू लागले. कुंपणातला कळप वाढत गेला आणि कोणीच कमी केला नाही, तर दुष्काळात तो उपाशी मरतो. हरणाला नैसर्गिक मरण सौम्य येते अशी समजूत कोल्ह्याने पाडस फाडताना पाहिलेला माणूस बाळगत नाही. यातून शिकारीला पवित्र ठरवता येत नाही. एवढेच म्हणता येते की मारणे होणार असेल, तर कसे याचा जाब मागण्याचा हक्क आपल्याला उरतो, आणि 'मुळातच चूक' म्हणून पाठ फिरवणारा तो हक्क सोडून देतो.

आपल्याकडे तो आपण सोडलाच आहे. २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी गोळ्या घालून मारल्या गेल्या, तेव्हा मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. वाद मारावे की नाही यावर झाला. कोणत्या गोळीने, किती अंतरावरून, जखमी झालेल्या जनावराचा माग कोणी काढायचा, हे कोणी विचारले नाही. महाराष्ट्रातही रानडुक्कर आणि रोही यांच्यावर चर्चा होते ती नुकसानभरपाईची आणि परवानगीची. प्रत्यक्षात शिवारात काय चालते? कुठे ठासणीची बंदूक, कुठे बारा बोअरचे छर्रे, कुठे तारेत सोडलेला करंट, कुठे पिठात लपवलेला गावठी बॉम्ब, जो चावताच डुकराचा जबडा उडतो. कारूतला तुटलेला जबडा आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सीमेवरचा उडालेला जबडा यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी माणसाने आपला खर्च वाचवला आणि जनावराच्या नावावर टाकला. शेतकऱ्याचे तरी पीक गेलेले असते. हौशी शिकाऱ्याला तेही कारण नाही.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा. कायद्याने ऊर्जा जर्मनीसारखी अंतरावर मोजावी आणि फुलणारी, पण खोल जाणारी गोळी बंधनकारक करावी. कॅलिबरचा आकडा त्यानंतर. फार्ममालकांनी आणि मांसाच्या व्यापाऱ्यांनी हौशी शिकाऱ्याला छातीवरच्या गोळीचा दंड करणे सोडावे, कारण तो दंडच नेम डोक्याकडे ढकलतो. आणि शिकाऱ्याने हंगामाआधी, टेबलावरून नव्हे तर गुडघ्यावर बसून, वाऱ्यात, कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडून पाहाव्यात. ज्या अंतरावर त्याच्या सगळ्या गोळ्या तळहाताच्या जागेत पडतात, ते त्याचे अंतर. त्यापुढचे हरीण कितीही मोठ्या शिंगांचे असो, ते त्याचे नाही.

आपल्याकडे पीकसंरक्षणासाठी परवानगी देणाऱ्या कागदावरही किती जनावरे याच्या खाली कशाने, किती अंतरावरून आणि जखमीचा शोध कोणाच्या जबाबदारीवर, हे तीन रकाने यावेत. ते भरायला कोणालाच आवडणार नाही. वेळ जाईल, काडतूस महाग पडेल, एखादे डुक्कर अंतराबाहेर म्हणून सुटेल आणि त्या रात्रीचा ऊस जाईल. त्या उसाची भरपाई सरकारने वेळेवर द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला घाई करावी लागणार नाही. माणसाला हत्यार हाती घेऊन मारण्याचा अधिकार हवा असेल, तर त्या अधिकारातल्या चुकांचा भुर्दंडही माणसाच्याच खात्यावर पडला पाहिजे: त्याच्या पैशांत, त्याच्या मांसात, त्याच्या सरकारच्या तिजोरीत. जनावराकडे भरायला त्याच्या वेदनेशिवाय दुसरे काही नसते, आणि ती वसूल करण्याचा हक्क कोणत्याही परवान्याने दिलेला नाही.